शरदचंद्र मास्तरांचा जन्म

त्या रविवारी जेवताना विनयरावांना इतकं हसू आलं की ठसका लागला. सरलाताईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, "अहो, सावकाश," म्हणाल्या. गृहस्थ पाणी प्यायले आणि पुन्हा हसत सुटले. हसण्याचं कारण होता एक राजा, आणि तो मरून, म्हणजे मेला असलाच तर, हजारो वर्षं झाली होती.

हा राजा घरात आणला होता त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं. विनयरावांनी जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नमध्ये सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली होती, तेव्हा उर्जा इंजिनियर होणार हे त्यांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. उर्जा म्युनिकला गेली आणि तिनं पीएच.डी.साठी निवडला मलकीसदेक. गेली चार वर्षं कुणी विचारलं की विनयराव "रिसर्चमध्ये आहे" एवढं सांगत, आणि कशातल्या ते विचारायच्या आत चहाचं बघायला उठत.

"पुन्हा एकदा सांग," ते डोळे पुसत म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."

"आल्झो, तर ऐका," उर्जानं ताट बाजूला सारलं. "ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात अब्राहाम लढाईवरून परत येतो. तेव्हा शालेमचा राजा मलकीसदेक त्याला सामोरा येतो. राजाही तोच, पुजारीही तोच. भाकरी आणि द्राक्षारस देतो, आशीर्वाद देतो आणि निघून जातो. बास. तो कुठून आला, कुणाचा मुलगा, कधी मेला, काहीच लिहिलेलं नाही. त्या ग्रंथात बाकी सगळ्यांच्या वंशावळी पानंच्या पानं आहेत, बाबा. फक्त ह्याची नाही."

"आणि मग?"

"मग लोकांना चैन पडेना. एक ज्यू इतिहासकार म्हणाला, हा कनानी सरदार, यरुशलेम ह्यानंच वसवलं. अलेक्झांड्रियातला एक ज्यू तत्त्वज्ञ म्हणाला, छे, हा माणूस कसला, ही तर साक्षात बुद्धी. मृत समुद्राजवळच्या गुहेत एक फाटकी गुंडाळी सापडली, त्यात तर तो स्वर्गातला न्यायाधीश आहे, शेवटच्या दिवशी येऊन सगळ्यांचा निवाडा करणारा. आणि ख्रिस्ती लोकांच्या एका पत्रात म्हटलंय, त्याला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, म्हणूनच तो आमच्या ख्रिस्तासारखा."

"आणि तुझे ते रब्बी, ज्यूंचे शास्त्रीबुवा?"

"ते म्हणाले, वंशावळ नाही कशी? हा महापुरातून वाचलेल्या नोहाचा मुलगा शेम. नाव तेवढं वेगळं."

झालं. विनयराव पुन्हा हसायला लागले. "बाप सापडला नाही म्हणून बाप चिकटवला! तोसुद्धा थेट नोहा! अरे, काही पुरावा? काही कागद? ह्याला संशोधन म्हणतात?"

"ते मनापासून वाचत होते, बाबा. रिकामी जागा दिसली की माणसाला राहवत नाही."

"मला राहवतं," विनयराव म्हणाले.

हे त्यांना अधिकारवाणीनं म्हणता येत होतं, कारण सहा वर्षं ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. कुलवृत्तांत म्हणजे मूळपुरुषापासून आजच्या रांगत्या बाळापर्यंत सगळ्यांची कुंडली: कोण कुणाचा मुलगा, कुठे राहतो, कुणाच्या घरात दिली, कुठून केली. जुनी आवृत्ती पुण्याला छापली होती. 'परदेशस्थ शाखा' ही पुरवणी विनयरावांची. दीडशे पानं, मुखपृष्ठावर गणपती, आत प्रस्तावनेत ठळक अक्षरांत एक वाक्य: पुराव्याशिवाय ह्या ग्रंथात एकही नाव नाही. ह्या वाक्यापायी त्यांनी सख्ख्या आत्येभावाशी वाकडं घेतलं होतं. त्याच्या पणजोबांचा कागद मिळाला नाही, म्हणून विनयरावांनी पणजोबाच उडवले. आत्येभाऊ अजून फोन उचलत नाही.

जेवण झाल्यावर उर्जानं एक बातमी दिली. तिला निहारशी लग्न करायचं होतं.

निहार साळवी म्युनिकजवळ गार्चिंगला एका संशोधन संस्थेत लेझरवर काम करायचा. दोन वर्षांपूर्वी उर्जाच्या एका व्याख्यानाला चुकून शेजारच्या हॉलऐवजी येऊन बसला, आणि संपल्यावर तिला म्हणाला, "हा तुमचा राजा मला ओळखीचा वाटतो." त्याला तसं वाटायला कारण होतं. निहार दोन दिवसांचा असताना मिरजेच्या एका दवाखान्याच्या पायरीवर सापडला होता. वाढला तिथल्या बालगृहात. नाव ठेवलं बालगृहाच्या प्रभाताईंनी. आडनाव मिळालं ते पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचं, कारण रकाना रिकामा ठेवायचा नाही असा हवालदाराचा दंडक होता. मधलं नाव मात्र कुणी दिलं नाही.

विनयरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. जात बघायची नाही, माणूस बघायचा, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. प्रत्यक्ष बघायची वेळ आजवर आली नव्हती एवढंच. आता आली, तर आपण कसे पटकन हो म्हणालो ह्याचं त्यांना स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं, की संध्याकाळपर्यंत त्यांनी चार जणांना फोन करून ते सांगितलं.

उर्जानं फक्त एक अट घातली. "बाबा, निहारबद्दल काही लपवायचं नाही आणि काही रंगवायचंही नाही. तो आहे तसा. लहानपणी शाळेत दर वर्षी हजेरीच्या वेळी मधलं नाव विचारायचे आणि सगळा वर्ग मागे वळून बघायचा. लग्नात तरी कुणी त्याच्याकडे तसं बघितलेलं मला चालणार नाही."

"अगं, मला काय सांगतेस," विनयराव म्हणाले.

पहिली धास्ती होती श्टांडेसाम्टची, म्हणजे विवाहनोंदणी कार्यालयाची. जर्मन सरकारी कचेरी, जन्मदाखल्यावर आईबापाच्या जागी पांढरं. विनयरावांना वाटलं, इथेच घोडं अडणार. ते भांडायच्या तयारीनं, फाइल काखेत मारून, मुलांबरोबर गेले. खिडकीतल्या बाईंनी भाषांतराचा शिक्का तपासला, मग पुन्हा तपासला. आईच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली, वडिलांच्या नावापुढे दुसरी. म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर. पुढचं पान." विनयराव म्हणाले, "एवढंच?" बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी काही हवं आहे का, असं विचारलं. सहा वर्षं वंशावळी जुळवणाऱ्या माणसाला तो चक्क अपमान वाटला.

दुसरी अडचण गोत्राची. लग्न लावणार होता मयुरेश. हा सोमवार ते शुक्रवार फ्रँकफुर्टच्या एका बँकेत कन्सल्टंट आणि शनिवार-रविवार गुरुजी. त्याला ह्यात अडचणच दिसली नाही. "काका, गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. शास्त्रातच सोय आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळणार नाही, हे वाक्य विनयरावांच्या मनात जाऊन बसलं.

कारण कळणारे लोक कमी नव्हते. न्युरेम्बर्गच्या सरितावहिनींचा, म्हणजे चुलतभाऊ मधूदादांच्या बायकोचा, दर दोन दिवसांनी फोन येत होता. "भावजी, मुलाकडचे कोण? नाही, सहज विचारते हं. साळवी म्हणजे कुठले साळवी? वडील काय करायचे?" विनयराव "आहेत आपले, कोकणातले" असं म्हणून फोन ठेवत. चार जणांना फोन करून मिरवलेला मोठेपणा पाचव्याला सांगताना जड जायला लागला. सहाव्याला त्यांनी सांगितलाच नाही.

आणि कुलवृत्तांत छापायला जायचा होता. पान एकशे बेचाळीस: उर्जा. खाली जावयाचा रकाना: नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, गोत्र, व्यवसाय. सगळ्या दीडशे पानांत एकाही जावयाचा रकाना मोकळा नव्हता. पहिल्या दिवशी विनयरावांनी गोत्राच्या जागी 'काश्यप' टाइप केलं. एक जागा भरली की बाकीच्या जास्तच उघड्या दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'मालवणजवळ' लिहिलं, कारण 'जवळ' म्हणजे काही खोटं नाही. तिसऱ्या दिवशी 'कै. शरदचंद्र' लिहिलं. कैलासवासी असल्यानं प्रश्न मिटला. पण नुसतं नाव उघडंबोडकं वाटायला लागलं, म्हणून त्यांना शिक्षक केलं. शिक्षक तरुणपणी का गेले? पुरात मुलांना वाचवताना गेले. एवढं लिहून विनयरावांचे डोळे भरून आले. असा व्याही मिळाल्याचा त्यांना अभिमान वाटू लागला.

मजकूर तपासायला दिला तेव्हा सरलाताई त्या पानावर थांबल्या. "अहो, हे काय लिहिलंत? हा कोण?"

"तू त्यात पडू नकोस. त्या पोराच्याच भल्यासाठी आहे. उद्या लोक विचारतील तेव्हा त्याची मान खाली जायला नको."

"त्याची की तुमची?"

विनयरावांनी ते ऐकलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात न ऐकण्याची कला त्यांनी चांगली कमावली होती. सरलाताईंनीही कागद परत दिला आणि गप्प बसल्या, आणि ह्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

मे महिन्यात एश्बॉर्नच्या नगरपालिकेचा हॉल घेतला. मुहूर्त बाराचा. दहा वाजता नाश्त्याबरोबर ग्रंथाचं प्रकाशन ठेवलं, म्हणजे लोक आयते जमलेले. मधूदादांच्या हस्ते रिबीन सुटली, साठ प्रती वाटल्या गेल्या. प्रत्येकानं आधी स्वतःचं पान काढलं, फोटो बारीक आल्याबद्दल नाराजी दाखवली, आणि मग एकशे बेचाळीसवर गेला.

त्यानंतर जे झालं ते विनयरावांच्या हातात राहिलं नाही.

"शरदचंद्र साळवी," सरितावहिनी उपम्याची बशी हातात धरून म्हणाल्या. "मालवणचे? थांबा हं. आमच्या मामांना एक साळवी मास्तर होते गणिताला."

"उंच होते का?" कुणीतरी विचारलं.

"उंच, शेलाटे. पांढरं धोतर."

पाच मिनिटांत मास्तर बासरी वाजवायला लागले. दहा मिनिटांत त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला. निहारचं वय बघता तो त्यांच्या वयाच्या सत्तराव्या वर्षी झाला असता, पण तेवढा हिशोब करायला कुणाला सवड नव्हती. एका टेबलावर ते कडक होते, दुसऱ्यावर अतिशय मायाळू. खिडकीजवळच्या टेबलावर तर एका गृहस्थांनी शपथेवर सांगितलं, की पुराच्या दिवशी मास्तर पाण्यावरून चालत गेल्यासारखे दिसले. मधूदादा सगळ्यांत वयस्कर, त्यांनी काही सांगितलं नाही, नुसते डोळे मिटून दोनदा मान हलवली. ते सगळ्यांत जास्त पटलं.

उर्जा वरच्या खोलीत मुंडावळ्या बांधून घेत होती. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. विनयराव ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. आधी ते खूश होते. मग थोडे घाबरले. "असतील, असतील," असं म्हणत पुढे सरकत होते.

स्वयंपाकघराच्या बोळात निहार त्यांना भेटला. अंगावर झब्बा, हातात तो ग्रंथ, बोट एकशे बेचाळिसाव्या पानात. चेहरा लाल झालेला. रडलेला होता, आणि लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

"बाबा," तो म्हणाला. एरवी तो काका म्हणायचा. "कुठे मिळाले?"

"काय?"

"कागद. उर्जा मला नेहमी सांगते, पुराव्याशिवाय तुम्ही सख्ख्या पणजोबांनाही आत घेत नाही. म्हणजे तुम्हाला काहीतरी मिळालं असणार. मी आत्ता प्रभाताईंना फोन केला. त्या ऐंशीच्या झाल्यात, बाबा. म्हणाल्या, मी अकरा वर्षं सगळी रजिस्टरं पालथी घातली, तुझ्या सासऱ्यांना कुठल्या रजिस्टरात सापडलं ते विचार. त्यांना ऐकायचंय." त्यानं पुस्तक छातीशी धरलं. "फोटो आहे का? दिसायला कसे होते? तिकडे कुणी म्हणतं उंच होते. मी उंच नाही. म्हणजे मग मी आईवर गेलोय का?"

 आयुष्यात पहिल्यांदा विनयरावांना चांगलं, सोयीचं, गुळगुळीत असं एकही वाक्य सापडेना. आणखी एक खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं, की कागद पुण्याला ठेवलाय. पण पोरगा इतक्या आशेनं बघत होता, की ते ओठांवरच राहिलं.

"कागद नाही," ते म्हणाले. "मी लिहिलं. माझ्या मनानं. असा कुणी माणूस नाही, निहार."

निहारनं पुस्तक हळूच मिटलं, शेजारच्या क्रेटवर ठेवलं. मग म्हणाला, "आता मला प्रभाताईंना पुन्हा फोन करावा लागेल." आणि थोड्या वेळानं, "तिकडे आत लोकांना सांगा. आत्ता. लग्नाच्या आधी."

लाज वाटणं म्हणजे काय ते विनयरावांना त्या बोळात कळलं. ते तसेच आत गेले आणि माइक हातात घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "एक खुलासा. एकशे बेचाळीस पानावरचा मजकूर चुकीचा आहे. शरदचंद्र साळवी नावाचं कुणीही नव्हतं. ते मी रचलं. आमचे जावई बालगृहात वाढले. त्यांचे आईवडील माहीत नाहीत. माझी चूक झाली."

 आता हे लोक आपल्याला खाणार, असं विनयरावांना वाटलं.

"नव्हते म्हणजे?" सरितावहिनी म्हणाल्या. "अहो, आमच्या मामांना गणिताला होते!"

"वहिनी, मी सांगतो ना. मी स्वतः त्यांना..."

"तुम्हाला काय माहीत, भावजी? तुम्ही सव्वीस वर्षं इथे."

मधूदादा काठी टेकत उठले.  "विनय, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मुलगा गरिबाघरचा आहे म्हणून त्याचा बापच नाकारतोस? एवढा देवमाणूस, पोरांसाठी जीव दिला त्यानं. आणि तू भर मांडवात सांगतोस असा कुणी नव्हताच? इतका जातीचा माज?"

"दादा, अहो..."

"एक शब्द बोलू नकोस!"

सगळा हॉल मधूदादांच्या बाजूनं झाला. माणूस बघायचा, जात नाही, हे विनयरावांचंच वाक्य तीन टेबलांवरून त्यांच्या अंगावर आलं. कुणीतरी म्हणालं, व्याहीभेटसुद्धा ठेवलेली नाही, बघा. लग्नाआधी मुलीचा बाप मुलाच्या बापाला शेला-नारळ देतो, गळाभेट घेतो. तो विधी विनयरावांनी कार्यक्रमपत्रिकेतून गुपचूप गाळला होता. झालं, मंडळींनी तो हातात घेतला. एक खुर्ची मांडली. तिला हार घातला. त्यावर तो ग्रंथ उभा केला, पान एकशे बेचाळीस उघडं. मयुरेशनं गुरुजींच्या आवाजात सांगितलं, की दिवंगत व्याह्यांची अशी भेट घेता येते, शास्त्रात सोय आहे. सरलाताईंच्या हातातलं, नवरदेवासाठी काढलेलं शेला-नारळाचं तबक कुणीतरी विनयरावांच्या हातात दिलं, आणि मधूदादा म्हणाले, "वाक."

विनयराव आपणच जन्माला घातलेल्या माणसापुढे तबक घेऊन उभे राहिले. समोर साठ माणसं मोबाइल धरून बसलेली. जिन्यावरून उर्जा खाली येत होती. चौथ्या पायरीवर थांबून तिनं खुर्ची पाहिली, पुस्तक पाहिलं, वडिलांचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. ती ओरडणार होती.

त्याआधी निहार पुढे आला. घाई केली नाही. खुर्चीवरचा हार काढून खुंटीला अडकवला. पुस्तक मिटून मधूदादांच्या हातात दिलं. मग त्या खुर्चीत स्वतः बसला, पाठ सरळ करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"अरे बाळा, असं नसतं करायचं," सरितावहिनी घाईघाईनं म्हणाल्या. "ती जागा वडिलांची आहे. ती मोकळी हवी."

"ती मोकळीच होती, काकू," निहार म्हणाला. "एकतीस वर्षं. आता मी बसलोय. माझ्याकडून दुसरं कुणी यायचं नाहीये. मुलाकडचा मी, आणि मुलगाही मीच."

 सरलाताई चटकन पुढे झाल्या आणि त्यांनी तबकातला शेला उलगडून नवऱ्याच्या हातात दिला. हॉलभर नजरा निहारवर खिळल्या होत्या. ह्या वेळी त्याची मान खाली गेली नाही.

"घाला, काका," तो म्हणाला.

विनयराव वाकले. नीट, कमरेतून वाकले. शेला त्याच्या खांद्यावर घातला, नारळ ओंजळीत दिला. इथे चार शब्द बोलायची पद्धत असते, आणि विनयराव अशा वेळी चारावर कधी थांबले नव्हते. आज त्यांना काहीच सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.